चेहरा कमी वाकडा, तर घाई जास्त

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत मेंदूवर पानभर लेख आला. सोबत मेंदूचं खालच्या बाजूने काढलेलं रंगीत चित्रही होतं. मराठी दैनिकात मेंदूचा तळ छापून येतो याचा मला आनंदच झाला. उभी नोकरी मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि ही तळाची बाजू पहिल्या वर्षाच्या मुलांच्या गळी उतरवताना नाकी नऊ येतात. पण लेख वाचता वाचता पेन्सिल हातात घ्यावी लागली. जुनी खोड. तीन चुका सापडल्या. पहिल्या दोन पोटात घालता येतील. तिसरी घालता येणार नाही, कारण तिच्यावर विसंबून कुणी घरी थांबलं तर त्याचा हात-पाय कायमचा जाईल.

किरकोळ आधी उरकते. मेंदूतून ‘बारा नसा निघतात, सहा डावीकडे व सहा उजवीकडे’ असं लेखात आहे. नसा म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत. आणि त्या बारा नव्हेत, बारा जोड्या. डावीकडे बारा, उजवीकडे बारा. दुसरी चूक म्हणजे ‘प्रत्येक नस विरुद्ध बाजूला जाते’ हे वाक्य. मेंदूचा उजवा गोलार्ध शरीराच्या डाव्या बाजूवर हुकूम चालवतो हे खरं, पण ही अदलाबदल आतल्या आत होते. मेंदूच्या स्तंभातून, म्हणजे मेंदूला खाली मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातून, नस एकदा बाहेर पडली की डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे. अपवाद चौथीचा. दृष्टीच्या नसांचे निम्मे धागे मध्येच एकमेकांना ओलांडतात, पण ती गोष्ट निराळी. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून अक्रोड खावा, या चौकटीबद्दल मी काही लिहीत नाही. खावा, चांगला लागतो.

तिसरी चूक चित्राखालच्या मजकुरात आहे. चेहरा वाकडा होणं ही अर्धांगवायूची खूण आहे आणि ‘वाकडेपणा जितका जास्त तितका मेंदूचा झटका मोठा’, असं तिथे ठामपणे लिहिलं आहे. हे जवळजवळ उलटं आहे. का, ते सांगायचं तर आधी जागा दाखवायला हवी.

डिसेक्शन हॉलमध्ये मेंदू बाहेर काढायची एक ठरलेली रीत असते. भुवयांच्या थोडं वरून सुरुवात करून, कानांच्या वरून मागपर्यंत कवटीला गोल काप घ्यायचा. आमच्याकडे हे काम हॉलमधले मामा करत, हातकरवतीने आणि अजिबात घाई न करता, कारण करवत सूतभर जास्त गेली की आतला मेंदू फाटतो. वरचं टोपण निघालं की जाड पांढुरकं आवरण दिसतं. ते कापून बाजूला सारायचं, कपाळामागच्या भागाखाली बोटं घालायची आणि मेंदू पुढून मागे हलकेच उचलत न्यायचा. उचलताना एकेक नस ताणली जाते आणि ती कापावी लागते. ज्या क्रमाने त्या हाताला लागतात, साधारण तोच त्यांचा नंबर.

पहिली वासाची. तिचे धागे नाकाच्या छतातल्या बारीक भोकांतून वर आलेले असतात. ते कापावेही लागत नाहीत, उचलतानाच तुटतात. मोटारसायकलवरून डोक्यावर पडलेल्या माणसाला पुढे फोडणीचा वास येईनासा होतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं. दुसरी दृष्टीची, चांगली जाड. तिसरी डोळा फिरवणारी आणि वरची पापणी उचलणारी. मग चौथी. बाराही जोड्यांत सगळ्यांत बारीक, आणि एकटी हीच मेंदूच्या स्तंभाच्या पाठच्या बाजूने निघते, दुसऱ्या बाजूला जाते आणि लांब वळसा घालून पुढे येते. मुलांच्या हातून ती हमखास तुटायची. मामा करवत पुसत लांबूनच विचारायचे, “गेली का चौथी?” गेलेली असायचीच. तुमच्या चित्रकाराने चौथी सहावीच्या जागी काढली आहे, त्यामुळे तो बिचारा एकटाच चुकला असं मी म्हणणार नाही.

पाचवी सगळ्यांत जाड, चेहऱ्याची संवेदना नेणारी. सहावी डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी. तिचा रस्ता असा आहे की डोक्यातला दाब वाढला तर बऱ्याचदा तीच आधी दबते आणि डोळा नाकाकडे वळून बसतो. सातवी आणि आठवी जोडीने एकाच भोकात शिरतात. नववी, दहावी, अकरावी या तिघी मिळून दुसऱ्या भोकातून बाहेर पडतात. बारावी जिभेची. शेवटी खाली सुरी घालून मज्जारज्जू तोडला की मेंदू हातात येतो. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. फॉर्मॅलिनमधला मेंदू घट्ट असतो म्हणून मुलांना तो तसाच असतो असं वाटतं. शवविच्छेदनात ताजा हाताळला की कळतं, तो किती मऊ असतो ते.

एकाच भोकातून जाणाऱ्या नसांनी जुन्या लोकांना बराच चकवा दिला. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने एकूण सातच जोड्या मोजल्या. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस या डॉक्टरने १६६४ साली मेंदूवर मोठा ग्रंथ काढला, त्यातली बरीचशी चित्रं लंडनचं सेंट पॉल चर्च बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनच्या हातची. तरीही विलिसने सातवी-आठवी एकच धरली. आजची बाराची गणती १७७८ मध्ये जर्मनीतल्या सॉमेरिंगने आपल्या प्रबंधात मांडली, तेव्हा तो तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचे जरा ताठ बसत.

आता सातवी. फेशियल नर्व्ह. चेहऱ्यावरचं हसू, रडू, शिट्टी, आठ्या, डोळा मारणं, सगळं हिच्या जिवावर. मेंदूच्या स्तंभातून निघाली की ती कानामागच्या हाडात शिरते. हाडातली तिची वाट तीनेक सेंटिमीटरची, वळणावळणाची, आणि सगळ्यांत चिंचोळ्या जागी मिलिमीटरभरही रुंद नाही. वाटेत तिच्या फांद्या फुटतात. एक डोळ्यातल्या पाण्यासाठी. एक कानातल्या इवल्या स्नायूसाठी, मोठा आवाज आला की तो आखडतो आणि कानाला सांभाळतो. एक जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणणारी. एवढं करून ती कानाच्या पाळीखालून बाहेर येते आणि गालफुगीत सुजते त्या लाळग्रंथीत शिरते. तिथे तिच्या पाच फांद्या होतात आणि कपाळापासून मानेपर्यंत पसरतात. गंमत अशी की ती त्या ग्रंथीतून जाते, पण ग्रंथीला काहीच देत नाही. तिथली लाळ नववीच्या ताब्यात. तोंडी परीक्षेत यावर निम्मी मुलं घसरत.

मुद्दा यापुढे आहे. सातवी जिथून सुटते त्या केंद्राचे दोन भाग धरा. कपाळ हलवणाऱ्या भागाला मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडून हुकूम येतो. गाल-ओठ हलवणाऱ्या भागाला येतो तो मुख्यतः विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडून. एखाद्या गावाच्या वरच्या आळीला दोन उपकेंद्रांवरून वीज मिळते आणि खालच्या आळीला एकाच, असं समजा. एक उपकेंद्र बंद पडलं तर खालची आळी अंधारात, वरच्या आळीतले दिवे चालू. पण डीपीपासून घरांपर्यंतची शेवटची लाइनच तुटली, तर मागे दहा उपकेंद्रं असून उपयोग नाही. दोन्ही आळ्या अंधारात.

म्हणून मेंदूत वर कुठे रक्तपुरवठा तुटला तर ओठाचा कोपरा उतरतो, पण कपाळाला आठ्या पडतात आणि डोळाही बहुतेक मिटतो. चेहरा थोडासाच वाकडा दिसतो. उलट हाडातल्या त्या चिंचोळ्या वाटेत नसच सुजून आवळली गेली, तर अख्खा अर्धा चेहरा जातो. कपाळ गुळगुळीत, डोळा उघडा, तोंड दुसऱ्या बाजूला ओढलेलं. बघणाऱ्याला धडकी भरते. आणि जिवाला, हाता-पायाला धोका बहुधा पहिल्यात असतो, दुसऱ्यात नसतो.

दोन्ही प्रकार मी आमच्याच आळीत पाहिले. एक शिंपी आहेत. टाचण्या ओठांत धरून काम करायची त्यांची सवय. ऐन लग्नसराईत एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळलं. दुकानात गेले तर टाचण्या ओठांत टिकेनात. आरशात पाहिलं आणि घरात रडारड सुरू झाली. मला बोलावलं, मी समोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, वर आढ्याकडे बघा. उजव्या कपाळावर आठ्या उमटल्या, मधोमध थांबल्या. डावं कपाळ कोरं. डोळे घट्ट मिटा म्हटलं, तर डावी पापणी अर्ध्यावर अडली आणि बुबुळ वर जाऊन नुसता पांढरा भाग दिसू लागला. त्यांच्या सूनबाई ओरडल्याच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोळे मिटताना बुबुळ आपलं बहुतेकांचंच वर जातं, पापणी मिटते म्हणून दिसत नाही. स्कॉटलंडच्या चार्ल्स बेलने हे नीट पाहून लिहून ठेवलं, त्याच्याच नावाने या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात.

मग मी दोन्ही हात समोर धरायला लावले. समान राहिले. बोलणं ओठामुळे थोडं बोबडं, पण शब्द जागच्या जागी. डोळे मिटायला सांगून डाव्या गालावर कापसाची वात फिरवली, बरोबर कळली. गालाची संवेदना पाचवीकडे असते, ती शाबूत होती. दाढी करताना ब्लेड लागलेलं कळावं, पण गाल मात्र हलू नये, असा हा प्रकार. कुकरची शिट्टी डाव्या कानात टोचते म्हणाले. चहा पुळचट लागतो म्हणाले. सूनबाईंना वाटलं आपल्या चहाला नावं ठेवतात. या दोन तक्रारींवरून नस कुठे दबली याचा अंदाज येतो. कानाचा स्नायू आणि जिभेची चव दोन्ही गेली, म्हणजे त्या फांद्या फुटायच्या आधीच, हाडात बरंच आत. कानात किंवा कानाच्या पाळीवर पुरळ नव्हतं. ते असतं तर नागिणीच्या विषाणूचं काम, आणि त्याला औषध वेगळं.

त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी साखर तपासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने मिटवून झोपायचं. या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर नस पुरती बरी होण्याची शक्यता वाढते. साखर तपासायची कारण मधुमेह्यांना हा आजार जास्त होतो आणि स्टेरॉइडने साखर वर जाते. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. गालाला करंट देणं, फुगे फुगवणं, कबुतराचं रक्त चोळणं, सगळे सल्ले त्यांच्या दुकानात आपोआप चालून आले. करंटचा फायदा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. कबुतराला तरी सोडा. शिंपी पुढच्या महिन्यांत सुधारले, आता जोरात हसले तरच किंचित फरक दिसतो.

दुसऱ्या एक बाई, भाजी विकणाऱ्या. सकाळी ओठाचा उजवा कोपरा जरासा उतरलेला. कपाळ व्यवस्थित, डोळा मिटत होता. बोलताना शब्द थोडे अडखळत होते. घरच्यांनी शिंप्यांचा चेहरा पाहिलेला होता. त्या मानाने हे काहीच नव्हतं. “एवढंसंच आहे, वारं लागलंय,” म्हणून कुणीतरी सांगितलेल्या पाल्याचा लेप लावला आणि त्या बाजारात गेल्या. दुपारी उजव्या हातातून वजनकाटा सुटला. तोवर पहिल्या खुणेला कितीतरी तास होऊन गेले होते. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ टळली होती. आज त्या चालतात, पण उजवा हात कामाचा नाही आणि मनातला शब्द ओठांवर येत नाही. उजव्या बाजूचं तोंड आणि वाचा दोन्हीचा कारभार डाव्या गोलार्धात शेजारीशेजारी आहे. सकाळचं ते अडखळणं त्याच जागेची खबर देत होतं.

तुमचं वाक्य या घरात कुणी वाचलं असतं, तरी लेपच लागला असता. वाकडेपणा कमी, म्हणजे झटका लहान.

इंजेक्शनचं गणितही वाचकांना कळायला हवं. रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा पुरवठा तुटला असेल तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं, आणि तेसुद्धा सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. पुरवठा तुटलेला असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा अंदाज आहे. म्हणून आधी गावातल्या छोट्या दवाखान्यात सलाइन, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला अशी वरात काढू नये. १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच थेट जावं. पेशंट झोपेतून असा उठला असेल तर घड्याळ उठल्यापासून धरत नाहीत, त्याला धडधाकट शेवटचं कधी पाहिलं तिथपासून धरतात. डॉक्टर हा प्रश्न विचारणारच, रात्री किती वाजता बोलले होते ते घरातल्यांनी आठवून ठेवावं.

उद्या कुणी म्हणेल, बाईंनी सांगितलंय, कपाळ हलत नसेल तर काळजी नाही. तसं मी सांगितलेलं नाही. मेंदूच्या स्तंभातच, सातवी जिथून निघते तिथे घाव बसला तर कपाळासकट अर्धा चेहरा जातो. तिथे सातवीचे धागे सहावीच्या केंद्राला वेढा घालून बाहेर येतात, म्हणून अशा वेळी बहुधा डोळाही बाहेर वळत नाही, एकाचे दोन दिसतात किंवा विरुद्ध बाजूचे हात-पाय लुळे पडतात. चक्कर, तोल जाणं, दोन दिसणं, हात-पाय जड होणं, शब्द अडखळणं, यातलं काहीही सोबत असेल तर कपाळाचा विचारच करू नये, गाडी काढावी. कपाळ हलतंय आणि तोंड उतरलंय, तरी गाडी काढावी, त्याच मिनिटाला. नुसता अर्धा चेहरा कपाळासकट गेलाय आणि बाकी सगळं ठाकठीक, तरी त्याच दिवशी डॉक्टर. घरी थांबायला या तिन्हींत कुठेच जागा नाही. कपाळ बघायचं ते एवढ्यासाठी की ‘थोडंसंच आहे’ म्हणणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्याला गप्प करता यावं.

चेहरा हळूहळू जात असेल तर ती तिसरीच गोष्ट. आठवड्यांमागून आठवडे गाल ढिला पडतोय आणि त्याच कानाने ऐकू कमी येतंय, तर सातवी-आठवी एकाच भोकातून जातात हे आठवावं. तिथे गाठ असू शकते. फोन नेहमीचा कान सोडून दुसऱ्या कानाला लावायची सवय लागलेली असते आणि माणसाच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

माझी पहिली नेमणूक विदर्भात होती. तिथे सातवीचं आणखी एक दुखणं पाहिलं, ज्याचं नाव शहरी आरोग्य पुरवण्यांत क्वचित येतं. कुष्ठरोग. त्यात पुष्कळदा सातवीची डोळ्याकडे जाणारी फांदीच तेवढी मरते. तोंड सरळ, कपाळही जवळजवळ ठीक, फक्त एक डोळा पुरता मिटत नाही. सोबत पाचवीची डोळ्याकडे जाणारी फांदीही गेली असेल तर बुबुळाला काही लागलेलं कळतच नाही. निरोगी डोळ्यात कण गेला की पाचवी तो कळवते आणि सातवी पापणी मिटते. कळवणारीही मेली आणि मिटणारीही, तर कण तिथेच घासत राहतो. जखम होते, दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. शेतात मळणीच्या दिवसांत अशा डोळ्यांत कुसळं अडकलेली मी पाहिली आहेत आणि माणूस सांगतोय, काही त्रास नाही. गालावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आणि त्या बाजूचा डोळा मिटेना, एवढं दिसलं तर सरकारी दवाखान्यात जावं. बहुविध औषधोपचार तिथे मोफत मिळतो, आणि नस नुकतीच बिघडली असेल तर तीही स्टेरॉइडने सावरू शकते. लाजेपायी उशीर झाला तर डोळा जातो.

पाचवीचं नाव निघालंच आहे तर तिचीही एक तक्रार नोंदवते. गालात विजेचा लोळ गेल्यासारखी कळ, काही सेकंदांची; दात घासताना, वारा लागताना, घास चावताना येणारी. हे पाचवीचं दुखणं. बऱ्याचदा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी तिला घासत असते. माणूस जातो दातांच्या डॉक्टरकडे. दाढ काढतात, कळ राहते. शेजारची काढतात, कळ राहते. आमच्या ओपीडीत एका बाजूच्या सगळ्या दाढा गमावून आलेल्या बाई होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दातात कीड नाही, हिरडी सुजलेली नाही, आणि कळ सेकंदात येते-जाते, तर दाढेला हात लावण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाचं मत घ्यावं. गोळ्यांनी बहुतेकांना आराम पडतो, काहींना ऑपरेशन लागतं.

दहावीबद्दल लिहायला बसले तर तुमचं पान पुरणार नाही. ती मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत जाते. एवढंच लिहिते की तिची आवाजाच्या दोरांकडे जाणारी डावी फांदी आधी छातीत उतरते, महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीला वळसा घालते आणि मग वर गळ्याकडे येते. म्हणून तीन आठवडे उलटूनही घोगरा राहिलेला आवाज, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा, हळद-दूध पिऊन दाबू नये. घसा तपासून घ्यावा, डॉक्टर म्हणतील तर छातीचा फोटोही. बिघाड घशात दिसतो आणि कारण फुफ्फुसात सापडतं, असं होतं.

पत्र लांबलं. ‘लोकमानस’ छापाच्या सदरात हे मावणार नाही याची कल्पना आहे. काटछाट करायला माझी हरकत नाही: विलिस कापा, सॉमेरिंग कापा, अक्रोडही कापा. वरच्या आणि खालच्या आळीचा परिच्छेद, साडेचार तासांचा परिच्छेद आणि ‘घरी थांबायला जागा नाही’ असं म्हटलंय तो परिच्छेद मात्र एकत्र छापावेत. पहिला छापून तिसरा गाळलात तर न छापलेलं बरं. दुरुस्ती नेहमीप्रमाणे आतल्या पानावर तळाला, बारीक टायपात देऊ नये. मूळ लेख ज्या पानावर आणि ज्या आकारात होता, तिथे द्यावी. आरोग्य पुरवणी आमच्या इथे न्हाव्याच्या दुकानात आठवडाभर पडून असते आणि हातोहात वाचली जाते.

चित्रकारासाठी मेंदूच्या तळाचं एक कच्चं रेखाटन सोबत जोडते आहे. पहिल्या दोन जोड्या सोडून बाकीच्या स्तंभातून कशा निघतात ते त्यात नंबर घालून दाखवलंय: तिसरी-चौथी वरच्या भागातून, पाचवी ते आठवी मधल्या, नववी ते बारावी खालच्या, अकरावीची बरीचशी मुळं त्याच्याही खाली मानेतून येतात, ती तुटक रेषेने काढली आहेत. चौथी पाठीमागून येते, त्यामुळे तळाच्या चित्रात तिचं फक्त टोक स्तंभाच्या कडेने डोकावताना दिसलं पाहिजे. खालून पाहताना मेंदूची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. तुमच्या चित्रात ‘डावी’ आणि ‘उजवी’ ही अक्षरंही उलटी पडली आहेत, तेवढी सुधारावीत. रेखाटन परत पाठवायची आवश्यकता नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शरीररचनाशास्त्र अध्यापिका
वाई, जि. सातारा

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)